मोकळा बुधवार

डेन्व्हरहून दसऱ्याला गेवराईत आलेल्या जावयाच्या सामानात एक लांबोडकी बॅग होती. तिच्यात मासे धरायची चार तुकड्यांची काठी निघाली. कोलोरॅडोत ऑक्टोबर लागला की बायकापोरं, मित्रमंडळी गाडीत भरून ओढ्याकाठी जायचं आणि ट्राउट धरायचा, हा तिथला शिरस्ता. तोच कार्यक्रम सासुरवाडीला करायचा त्याचा बेत होता. गोदावरी (इथल्या बोलीत गंगाच) जवळ, माणसं घरचीच, मग अडचण कसली?

जावई : मामा, एक दिवस सगळे मिळून गंगेवर मासे धरायला जाऊ. मामी, पोरं, सगळेच.

सासरे (गळ्यातली माळ सारखी करीत) : चला की. दिवस कोणता धरता?

जावई : कोणताही. मला महिनाभर सुटी आहे.

सासूबाई : असं कसं कोणताही? सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा. आन् शनिवार तर बोलायलाच नको.

मेहुणा : दाजी, बुधवार, शुक्रवार, रविवार. तीनच वार हायेत आपल्याकडं.

सासूबाई : ते बी सगळे नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. मग कोजागरी. तव्हापासून पहाटे काकडा सुरू. मग संकष्टी, मग रमा एकादशी, लगेच वसुबारस.

दसरा ते दिवाळी म्हणजे जेमतेम वीस दिवस. त्यातून सासूबाईंनी एकेक दिवस गाळत आणला. उरलेल्या दिवसांवर शेतीचा हक्क होता. कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळेनात. मेहुण्याचा मित्र मुकादम. त्याची जीप सहलीला मिळेल असं आधी ठरलं होतं. पण दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि उचल दिलेला कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, गाडीत बसेपर्यंत मुकादमाला झोप नसते. जीप गेली. शेवटी एका बुधवारावर एकमत झालं.

मग जागेचा प्रश्न. इथे शेजारचे निवृत्त मास्तर पुढे सरसावले. चहा ठेवलेला दिसला की ते येतात.

जावई : राक्षसभुवनला घाट चांगला आहे ना?

सासूबाई : शनिमहाराजांच्या दारात गळ टाकता? साडेसाती काय कमी पडली का?

मास्तर : राक्षसभुवन म्हणजे नुसता शनी नव्हे. 10 ऑगस्ट 1763. माधवराव पेशव्यांनी तिथं निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. नदीला पूर. निजाम पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला आणि मारला गेला. पाण्याचा अंदाज चुकला की असं होतं, जावईबापू.

जावई : बरं, मग पांचाळेश्वर?

सासरे : तिथं महानुभावांचं आत्मतीर्थ. मासा तर सोडाच, अंड्याचं नाव काढायचं नाही.

मेहुणा : तिसरीकडं कुठं बी पाण्यात पाय घालताना बघून घाला. वाळूवाल्यांनी असे खड्डे केलेत, की घोटाभर पाणी म्हणून उतरावं आन् पुढच्या पावलाला डोक्यावरून जावं. रात्री वाळूचा हायवा ट्रक, दिवसा खड्डा.

यातली शेवटची सूचना सगळ्यांत मोलाची होती आणि ती कुणी लिहून घेतली नाही. नदीचा तळ दर हंगामात बदलत असेल, तर पन्नास वर्षं काठावर काढलेल्या माणसालाही डोह कुठे आणि उथळ कुठे हे छातीठोक सांगता येत नाही. आणि वर पैठणला नाथसागर. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. त्याचे 27 दरवाजे काठच्या गावांचं वेळापत्रक ठरवतात. विसर्ग वाढवल्याचा निरोप मोबाइलवर आला, की सहल रद्द, आणि पाण्याच्या मोटारी काढायला माणसं काठाकडे धावतात. 2006 च्या पुरानंतर तो निरोप कुणी हसण्यावारी नेत नाही.

अखेर बंधाऱ्याचा फुगवटा नक्की झाला. जालना जिल्ह्याच्या हद्दीतल्या जोगलादेवी बंधाऱ्याचं पाणी अलीकडच्या काठालाही टेकतं, तिथे. तेवढ्यात जावयाने हळूच विचारलं.

जावई : मामा, इथे ट्राउट सोडला तर जगेल?

मास्तर : वीस अंशांच्या वर पाणी गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. आपल्या मे महिन्यात तो शिजूनच वर येईल. भारतात तो साहेबानं आणला. 1900 च्या सुमाराला स्कॉटलंडहून काश्मिरात अंडी आली. आता हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथं आहे. जिथं साहेबाला उकडत नव्हतं, तिथं तो टिकला.

जावई : मग पुढच्या ऑक्टोबरात सगळे हिमाचलला जाऊ. तीर्थन नदीवर.

मास्तर : लवकर ठरवा. तिथं 1 नोव्हेंबरपासून विणीची बंदी लागते, फेब्रुवारी संपेपर्यंत.

सासूबाई : म्हंजे त्याला बी चातुर्मास हायेच.

बुधवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी, पाण्याचा जार, भाकरी, ठेचा, वाटलेला मसाला आणि मासा न खाणारे सासरे असा सगळा सरंजाम निघाला. मासा खात नाहीत म्हणून त्यांना मागे ठेवायची सोय नव्हती. माळ घालण्याआधी या काठावर त्यांच्याइतका मरळ कुणी धरलेला नाही. ते बाभळीखाली बसून नुसत्या बोटाने जागा दाखवत होते. बंधाऱ्यातल्या माशांचा ठेका मच्छीमार संस्थेचा असल्याने मेहुण्याने आधीच भोयाला विचारून ठेवलं होतं. भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हातांनी पाणी मारत आला.

जावयाने काठी जोडली. डबी उघडून त्यातली माशी काढली. दाण्याएवढा गळ, त्याला करड्या दोऱ्याचं अंग, गळ्याशी कोंबड्याच्या पिसाचा झुबका. भोयाने ती तळहातावर घेऊन उलटीपालटी केली, नाकाशी नेऊन हुंगली.

भोई : पाव्हणं, हिला तर वासच नाही.

जावई : वास नसतोच. ट्राउट नजरेनं शिकार करतो. त्याला ती पाण्यावर बसलेली माशी वाटते.

भोई : हितलं पाणी बघा कसं गढूळ हाय. मरळला जितं बेडूक लागतं. रोहूला कणीक आन् शेंगदाण्याची पेंड. पिसं खाणारं जनावर आपल्यात नाही.

मरळ हा तसा ट्राउटचा उलटा अवतार. ट्राउटला थंड, वाहतं, काचेसारखं पाणी हवं. मरळला कल्ल्यांच्या वर हवा साठवायची सोय असते. तो मधूनच वर येऊन श्वास घेतो आणि डबकं आटलं तरी ओल्या चिखलात तग धरतो. मराठवाड्याच्या पाण्याला साजेसा मासा असेल तर हाच. पावसाळ्यात त्याची लालसर पिल्लं घोळक्याने पाण्यावर बुडबुडतात आणि खाली आईबाप पहारा देतात. त्या वेळी जोडी उचलायची नाही, हे जुने भोई सांगतात. सगळे पाळतात असं नाही.

दुपारपर्यंत माशीने एक बाभळीची फांदी, एकदा मास्तरांची टोपी आणि एक चिलापी पकडली. चिलापी हातभर नव्हे, बोटभर. जावयाने ती ओल्या हातांनी अलगद धरली, फोटो काढून घेतला आणि पाण्यात सोडून दिली.

मेहुणा : दाजी! सुटली!

जावई : सोडली. तिकडे बरेच जण असंच करतात. धरायचा, बघायचा, परत सोडायचा.

सासूबाई : मग पहाटे उठून मसाला कुणासाठी वाटला?

सासरे : अगं, तिकडची माळकरी माणसं दिसतात.

मास्तर : देहूला इंद्रायणीत महसीर असेच देवाच्या नावानं राखलेले. महाडजवळ वाळण कोंडीत तर गळ टाकायचीच बंदी. आणि लोणावळ्याला टाटांची कंपनी पन्नासेक वर्षं महसीरची पिल्लं तयार करून सोडतेय.

सासूबाई : सोडू द्या. त्यांच्या घरी आज पाव्हणे नाहीत.

तोवर भोयाने फेकजाळं खांद्यावर घेतलं होतं. एक कड दातात, बाकीचा घेर कोपरावर. सासऱ्यांनी बोट केलं त्या लव्हाळ्यापाशी त्याने ते गोल उधळलं, जरा थांबला, मग हळूहळू ओढत आणलं. आत कटला, दोन रोहू आणि एक वाम, सापासारखी वळवळणारी. वाम बघून पोरं ट्रॉलीत चढून बसली. मरळ नव्हताच.

जावई : दादा, किती द्यायचे?

भोई : बाजारात जो भाव तोच द्या. ही तुमची काठी केवढ्याला पडली?

जावयाने आकडा सांगितला. भोयाने तो मनातल्या मनात जाळ्यांच्या भावाने भागला असावा, कारण त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

भोई : दिवाळीनंतर परत या, पाणी आणखी निवळतंय. पर येताना ती पिसाची डबी ऱ्हाऊ द्या घरी. गेवराईतून बर्फाच्या दोन लाद्या तेवढ्या आणा. मासा घावतो रोज, बाजारापत्तूर टिकत नाही.

सासूबाई : दिवाळीनंतर कव्हा? आधी कार्तिकी होऊ द्या.