ब्लँकेटला पात्र

पुण्यात थंडी पडते की नाही, हा विषय क्रोशेकाकूंसमोर काढू नये. त्यांचं उत्तर तयार असतं : "१९३५च्या जानेवारीत शिवाजीनगरला पारा १.७ अंशांवर आला होता!" त्या वर्षी काकूंची आई पाळण्यात होती. पण काकूंचा ठामपणा पाहता ते तापमान त्यांनी स्वतः हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या आवारात उभं राहून वाचलं असावं असंच वाटतं. "एकदा पडली ती पुन्हा पडणार नाही कशावरून?" या एका वाक्याच्या जोरावर कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अकरा ब्लँकेटं जमली आहेत. बारावं हातात आहे.

क्रोशेकाकू एकच नसतात. प्रत्येक सोसायटीत एक असतेच. बहुधा बँकेतून, एलआयसीतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेली. नोकरीच्या काळात ताटावरचे रुमाल, दाराची तोरणं आणि भाचरांच्या कुंच्या यांवर हात बसलेला असतो. निवृत्तीनंतर महत्त्वाकांक्षा एकदम सिंगल बेडएवढी होते.

लोकर आणायला काकू वनाजला मेट्रोत बसतात, सिव्हिल कोर्टला गाडी बदलतात आणि मंडईला उतरतात. तेवढ्यात एक ओळ होते. तिथून चालत बोहरी आळी. लोकरीच्या लेबलावर रंगाचा नंबर असतो तसा रंगवणीच्या लॉटचाही असतो. नंबर तोच, पण लॉट बदलला की छटा किंचित सरकते, आणि ते कळतं अर्धं ब्लँकेट झाल्यावर. म्हणून काकू दुकानदाराला लॉट विचारतात, त्यानं सांगितल्यावर स्वतः लेबल वाचतात आणि तरीही लडी रस्त्यावर उन्हात नेऊन बघतात. दुकानदार काही बोलत नाही. पुण्यातला दुकानदार गप्प बसतो, यावरून गिऱ्हाइकाचा वकूब ओळखावा.

वीण म्हणाल तर अगदी साधी. हवी तेवढी साखळी घालायची. मग एक मुका खांब, एक खांब, एक मुका खांब, एक खांब, असं ओळ संपेपर्यंत. पुढच्या ओळीत खांबावर मुका खांब, मुक्यावर खांब. बास. ठेंगणा-उंच, ठेंगणा-उंच असे टाके शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे अंगाला रव्याच्या लाडवासारखी कणी येते आणि मधल्या फटींत हवा अडकून ऊब राहते. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात. काकूंकडून शिकायला दोन महिने लागतात, कारण पहिला महिना सुई कशी धरू नये यात जातो.

सगळा घात असतो तो ओळीच्या शेवटच्या टाक्यात. तो नीट दिसत नाही, राहून जातो. दर ओळीला एक राहिला की चौकोनी सुरू झालेलं ब्लँकेट हळूहळू त्रिकोणाकडे निघतं. म्हणून मोजणं आलं, आणि मोजताना काकू कुणाच्याच नसतात. खालून वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, "काकू, टँकर किती वाजता बोलावू?"

"सत्तेचाळीस."

काका हल्ली उत्तरात आकडा येईल असा प्रश्नच विचारत नाहीत.

मोजूनही चूक निघालीच तर उसवायचं. दोन सुयांच्या विणकामात सुईवर रांगेनं टाके असतात, क्रोशात एकच. तो सोडून धागा ओढला की पंधरा दिवसांची मेहनत सरसर मांडीवर येते. दुसरी एखादी "कोण बघतंय?" म्हणून पुढे गेली असती. काकू म्हणतात, "मी बघत्येय ना!" आणि तृप्त चेहऱ्यानं उसवतात. विणण्यापेक्षा त्यांना यातच जास्त सुख मिळतं असा मला संशय आहे.

पण ही सगळी झाली तयारी. काकूंचं खरं राज्य सुरू होतं ते ब्लँकेट पुरं झाल्यावर, ते कुणाला द्यायचं हे ठरवताना. मागेल त्याला मिळत नाही, हा पहिला नियम. "ऑनलाइन सहाशेला मिळतं की!" म्हणणारा कायमचा बाद. "किती दिवसांत होईल?" विचारणारा यादीत शेवटी. एका भाचेसुनेनं मिळालेल्या ब्लँकेटवर इस्त्री फिरवली. लोकर अ‍ॅक्रिलिकची, गरम इस्त्रीखाली तिची कणी जी बसली ती कायमची. भाचेसुनेचं नाव अजून घरात निघतं, पण उदाहरण म्हणून. मुलगा न्यूजर्सीला आहे. तिथे खरोखरच बर्फ पडतं, त्यामुळे तिकडे ब्लँकेट पाठवण्यात काकूंना फारसा रस नाही. गरजवंताला काय, कुणीही देईल. उलट तिसऱ्या मजल्यावर पीजीत राहणाऱ्या मुलानं लिफ्टमध्ये सहज विचारलं, "काकू, कड एवढी सरळ कशी राहते हो?" आणि तो यादीत पहिला आला. सख्खा पुतण्या अजून थांबला आहे.

काकांनी एकदा, दोन्ही हातांवर लड अडकवून बसलेले असताना, "पुण्याच्या हवेला इतकी लागतात का गं?" असं म्हणून पाहिलं. काकूंनी थेट चेन्नई काढली. ३१ जानेवारी २०१६ला तिथे 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं क्रोशाचं जगातलं सगळ्यांत मोठं ब्लँकेट अंथरलं : ११,१४८.५ चौरस मीटर. गिनीज बुकात नोंद आहे. कितीतरी बायकांनी हातानं विणलेले चौकोन जोडून ते झालं. "चेन्नईला थंडी असते का? नसते. विणलंच ना त्यांनी?" काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. "पावणेतीन एकर!" ते पुटपुटले. कोथरूडमध्ये जन्म गेलेला माणूस. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे ब्लँकेट नव्हतं.

तेव्हा संक्रांतीच्या आसपास एखाद्या क्रोशेकाकूंनी तुमचा आवडता रंग विचारला, तर तुमची निवड झाली असं समजा. ब्लँकेट हातात पडेल एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना. ते तिथल्या तिथे अंगावर घेऊन दाखवायचं असतं आणि पंखा लावा म्हणायचं नसतं. आणि हो, आकाशी सांगू नका. त्याचा लॉट संपलाय.