दसऱ्याला नारळ

आमच्या दुकानातलं कालनिर्णय यंदा भाच्यानं बळकावलं आहे. एरवी त्या कागदावर माझं एकट्याचं राज्य असतं. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याचे खाडे किती, कोणत्या गिऱ्हाइकानं कधीचा वायदा केला, हा सगळा ऐवज त्या चौकोनांत. आता दसऱ्यापासून पुढं बघावं तिकडं लाल गोल. एका गोलाखाली माझी साडेचार हजारांची उधारी गडप झाली आहे. बरं, कालनिर्णय डिसेंबरला संपतं आणि भाच्याचं खरं काम चैत्रात. पुढच्या वर्षीचं बाजारात यायला अवकाश, म्हणून ग्रामजोशांना गाठून त्यानं चैत्र-वैशाखाच्या तिथ्या वहीत उतरवून आणल्या. याच पोराला गेल्या पितृपक्षात आजोबांची तिथी विचारली, तर 'पंधरवड्यात असेल कुठंतरी' असं उत्तर मिळालं होतं.

भाचा पुण्यात अभिनय शिकतो. घर दौंडचं, पण सुट्टीत मुक्काम शिरूरला, माझ्या दुकानामागच्या खोलीत. कारण दौंडच्या घरी दाजी असतात. दाजी रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम होते, आता निवृत्त झालेत, आणि अभिनय या विषयात त्यांची एकच शंका आहे: 'परमनंट कधी करतात?' या शंकेचं समाधान अभिनयाच्या कोणत्याच पुस्तकात नाही.

लाल गोल आहेत ते एका मोठ्या तमाशा फडाच्या येत्या हंगामाचे. आता आमच्या भीमा-घोडच्या पट्ट्यात हंगाम म्हटलं की माणसाला ऊसच आठवतो. कारखाना कधी पेटणार, टोळी कुठली येणार, पहिली उचल किती पडणार. तमाशाचंही सगळं तसंच आहे. पावसाळाभर फड थंड असतो, पोळा-गणपतीनंतर तालमी सुरू होतात, कलाकारांना आधी उचल द्यावी लागते, दसऱ्याला नारळ फुटतो आणि वैशाखात गाड्या घरी येतात. फरक इतकाच की उसाच्या हंगामाची वाट शेतकरी धास्तावून बघतो आणि या हंगामाची भाचा नाचत बघतोय.

हे खूळ शिरलं वर्गातून. कोणीतरी त्यांना शिकवलं की बाहेरच्या देशांत नाटक कंपन्या वर्षभराची नाटकं आधी जाहीर करतात. लोक तिकिटं काढून ठेवतात. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची रेपर्टरी १९६४ पासून आहे, पगारी नटांचा कायमचा संच. हे ऐकून भाचा खिन्न झाला. 'मामा, आपल्याकडे हंगामच नाही. रविवारचा प्रयोग पेपरातल्या जाहिरातीत बघायचा, तोही रद्द होऊ शकतो.' मी म्हणालो, अरे, पगारी संच, सात-आठ महिन्यांचा दौरा, पोतडीत पाच-सहा वग तयार आणि गाव म्हणेल तो रात्री उभा करायचा, ही रेपर्टरी नाही तर काय आहे? आणि ती तुझ्या नाकासमोरून जाते. कासारी फाट्यावर ट्रकांची रांग चहाला थांबते, त्या ट्रकांवर काय लिहिलंय ते वाचत जा.

त्यानं वाचलं. तिथून माझ्या घराची शांतता गेली.

पहिल्यांदा तो तालीम बघून आला, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत मला झोपू दिलं नाही. शंभराच्या वर माणसं. त्यांचा स्वैपाक वेगळा, जनरेटरची गाडी वेगळी, बोर्ड म्हणजे रंगमंच ट्रकमधून उतरतो आणि दोन तासांत उभा राहतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, मग वग. ढोलकीवाला उभ्यानं तासन्‌तास वाजवतो. 'आम्हाला सहा महिने एकच प्रवेश दिलाय, मामा. अजून सर म्हणतात, पात्र सापडलेलं नाही. इथं सोंगाड्याला दुपारी चारला कळतं आज कुठला वग, आणि रात्री पात्र हजर!' मी म्हणालो, पात्र सापडलं नाही तर मॅनेजर उचलीतून कापून घेतो, म्हणून लवकर सापडत असेल. हा विनोद त्याला आवडला नाही. हल्ली तो फडाबद्दल फक्त गंभीरपणे बोलतो. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाला तो 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणतो, आणि पुढं बसलेल्या पैलवानांनी फेटे उडवले की ती 'एनर्जीची देवाणघेवाण'.

अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण शिरूरहून दौंडकडे जायचं तर न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून, चौफुल्यावर हायवेला लागावं लागतं. आणि चौफुला म्हटलं की आमच्याकडे ऐकणाऱ्याची एक भुवई आपोआप वर जाते. तिथं संगीतबारीची कला केंद्रं आहेत. ढोलकीफडाचा तमाशा गावोगाव फिरतो, संगीतबारी थिएटरात बसून लावणी ऐकवते. दोन्ही घराणी वेगळी. हा भेद भाचा आता पाच मिनिटांत समजावून देतो, पण चौफुल्यावर एसटीतून उतरताना त्याला दौंडच्या शेजारीणकाकूंनी पाहिलं, तेव्हा पाच मिनिटं कोणी दिली नाहीत.

संध्याकाळी अक्काचा फोन. 'अभ्यासाला म्हणून तुझ्याकडे ठेवला, आणि तू त्याला तमाशाला लावलास?'

मी म्हणालो, 'अगं, अदाकारीचा अभ्यास आहे. बसून, नुसत्या चेहऱ्यानं आणि हातांनी एक ओळ दहा तऱ्हांनी सांगायची...'

'ते तू तुझ्या बायकोला सांग.'

ते मी सांगितलेलं नाही.

खरं तर त्या परिसराला उगीच नावं ठेवतात लोक. जवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, बेटात नारायण महाराजांचं दत्तमंदिर आहे, आणि चौफुल्याला ढोलकी आहे. थोडक्या अंतरात मोक्षाच्या इतक्या शाखा काशीलाही नसतील. माणसानं आपापल्या स्टॉपला उतरावं.

दाजींची समजूत घालायला भाच्यानं इंग्लंडचा दाखला दिला. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरला वरून छप्पर नव्हतं, स्वस्त तिकीटवाले पुढं उभे राहून बघायचे, म्हणजे आपला यात्रेतला तमाशाच. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना खरी तोफ उडवली आणि गवताच्या शाकारणीला आग लागून अख्खं थिएटर जळालं. दाजींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, 'चौकशी कोणावर लागली?' रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शेक्सपिअरमध्ये हाच भाग महत्त्वाचा वाटणार.

मग मी माझ्याकडचे दाखले काढले. आपल्याच जिल्ह्यातले, मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर. 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार बघायला पुण्या-मुंबईचे नाटकवाले रांग लावायचे, आणि दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीनं या सोंगाड्याला पुरस्कार दिला. इतकं लांब कशाला, आमच्या शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई घ्या. तिथल्या बशीर मोमीन कवठेकरांनी आयुष्यभर फडांसाठी गणगौळणी, लावण्या, वग लिहिले. महाराष्ट्र सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. मोमीनांच्या घरातला माणूस गणपतीला वंदन करणारा गण लिहितो आणि ऐकणाऱ्या गावाला त्यात काही विशेष वाटत नाही, ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते. दाजी म्हणाले, 'सरकारी पुरस्कार होता का? मग ठीक आहे.' सरकारी शब्दावर त्यांचा विश्वास आहे.

विठाबाईंचं नाव निघाल्यावर मात्र मीच भाच्याला धरलं. ऐन तमाशात कळा सुरू झाल्या, बाळंत होऊन, नाळ दगडानं ठेचून बाई पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कहाणी अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणि आमचा नटसम्राट गेल्या महिन्यात कणकण आली म्हणून प्रॅक्टिकल बुडवून हळदीचं दूध पीत पडला होता. तो म्हणाला, 'मामा, ते शोषण आहे, त्याचं कौतुक करू नये.' हे मात्र खरं बोलला. मी गप्प बसलो. शिक्षणाचा असा अधूनमधून उपयोग होतो.

फडाचं अर्थकारण त्याच्या डोक्यात शिरलं ते नारायणगावला. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटीवाली मंडळी येतात, सतरंजीवर बसतात, चहा होतो, बोलणी होतात, सुपारी ठरते. ज्या तिथीला जास्त गावांच्या यात्रा, त्या तिथीचा भाव चढा. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला तोही त्याच दिवशी. हंगामाची कमाई ज्या महिन्या-दीड महिन्यात व्हायची, तोच गेला. पुढचं वर्षही तसंच. उचली देऊन बसलेले फडमालक आणि उचली खाऊन बसलेले कलाकार, दोघंही घरी. म्हणून आता एखादा फड नवा तंबू शिवून घेतोय असं कळलं, की जुनी माणसं 'वा' म्हणायच्या आधी 'कर्ज किती काढलं' असं विचारतात. भाचा मात्र नव्या तंबूचा फोटो मोबाइलवर मोठा करून करून बघतो. तंबू अजून घडी घातलेला आहे. फोटोत निळं गाठोडं दिसतं, बाकी काही नाही.

गौळणीतली मावशी करायची हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, गौळणींची म्होरकी, कृष्णाशी आणि पेंद्याशी तोंडाला तोंड देणारी. सरावासाठी माझ्या बायकोचं जुनं पातळ घेतलं, पदर खोचला, आणि हे ध्यान भर दुपारी दुकानाच्या गल्ल्यामागं उभं. नेमकं तेव्हाच ते लाल गोलाखालचं गिऱ्हाईक रस्त्यानं चाललेलं, दुसरीकडे मान वळवून, नेहमीसारखं.

'का रं मुडद्या!' मावशीनं फळीवर हात आपटला. 'मथुरेच्या बाजाराला निघालास जणू! आमच्या दारावरनं जातोस आणि तोंड लपवतोस? आधी मामाचं लोणी ठेव खाली!'

अर्धी बाजारपेठ जमली. गिऱ्हाईक आधी दचकलं, मग पोट धरून हसलं, आणि हसता हसता खिशातून दोन हजार काढून मोकळं झालं. उरलेले दिवाळीला देतो म्हणालं, पण मावशीच्या हातात देतो. शेजारचे हार्डवेअरवाले संध्याकाळी येऊन हळूच विचारून गेले, मावशी आठवड्यातून एक दिवस मोकळी असते का.

शेवटी भाच्यानं धीर करून फडाच्या मॅनेजरांना फोन लावला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येऊ का, शिकायला, पैसे नकोत. स्पीकर चालू होता. मॅनेजर म्हणाले, या की. त्यानं आवाज, नृत्य, शरीरभाषा, शास्त्रशुद्ध उच्चार अशी आपली सगळी तयारी सांगितली. मॅनेजर सगळ्याला 'बरं, बरं' म्हणत राहिले आणि मग विचारलं, 'घण मारता येतो का?'

'घण?'

'तंबूच्या मेखा ठोकायला. माणूस कमी आहे. ते जमलं की वगात सरदारांच्या रांगेत उभं करू. वाक्य नाही, पण मुजरा आहे.'

एवढ्या बातमीवर हा पोरगा दुकानात गिरकी घेऊन नाचला. वाक्य नसलेल्या भूमिकेचा एवढा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. मुजऱ्याचेच त्यानं रात्रीपर्यंत चार प्रकार करून दाखवले: निष्ठावंत सरदाराचा, फितुराचा, पगार थकलेल्याचा, आणि नव्यानं भरती झालेल्याचा. चौथ्यासाठी अभिनयाची गरज पडली नाही.

घणाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. शिरूरला परसात त्यानं दोन दिवस सराव केला. एक मेख वाकली, नळाचा पाइप फुटला, आणि बायकोनं पातळ प्रकरणासकट सगळा हिशेब काढला. म्हणून त्याला दौंडला घेऊन गेलो. दाजी ओट्यावर पेपर वाचत होते. सांगावं कसं याची तालीम आम्ही गाडीत केली होती, पण भाच्यानं आयत्या वेळी सरळच विचारलं: 'बाबा, घण कसा मारतात?'

दाजींनी पेपर बाजूला ठेवला. चष्मा काढला. मुलानं अभिनय शिकायला घेतल्यापासून त्यांच्या खात्यातला प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता. पाच मिनिटांत घरामागच्या मोकळ्या जागेत ते लुंगी वर खोचून उभे होते. माळ्यावरचा घण खाली आला, बोरीची जुनी खुंटी जमिनीत रोवली गेली, आणि अक्का दारात चहाचा ट्रे घेऊन, काय बोलावं ते न सुचून, थांबली.

'खांद्यातून नाही रे! खांदा मरतो त्यानं. पाय रोव. दम पोटात धर. जोर कंबरेतून येऊ दे, आणि नजर मेखेच्या डोक्यावरून हलवायची नाही, शेजारून राजधानी एक्स्प्रेस गेली तरी!'

'मामा,' भाचा धापा टाकत माझ्याकडे वळला, 'आमचे सर आवाजाच्या तासाला अगदी हेच सांगतात!'

'काय पगार आहे त्यांना?' दाजींनी विचारलं, आणि घण त्याच्या हातातून काढून घेत म्हणाले, 'सर, बाजूला. आता बघ. आणि त्या मॅनेजरला विचार, मेखा सरळ मारतात का तिरक्या. तिरक्या मारायच्या असतील तर मला एकदा तिथं यावं लागेल.'