हार्ड डिस्कला सद्गती कशी द्यावी

लग्नाचे फोटो, बाळाचं बारसं, सोसायटीचे हिशेब आणि ‘निवांत बघू’ म्हणून साठवलेले सिनेमे, हे सगळं ज्या एकाच एक्स्टर्नल डिस्कवर आहे ती आजारी पडली, तर खचू नका. पण गाफीलही राहू नका. अशा डिस्कमधला बराचसा डेटा अनेकदा सहीसलामत बाहेर निघतो. तसं काही आपल्या घरात होऊ नये म्हणून पुढच्या सूचना क्रमाने पाळा.

१. डिस्क टक्‌टक्‌ करू लागली की लगेच बंद करू नका. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून फिरत असतं; तुमच्या बोटाचा ठसाही त्याहून जाड. त्याला चकतीवरच्या खुणा सापडेनाशा झाल्या की ते मागे जातं आणि पुन्हा धाव घेतं, तोच हा आवाज. त्याला सराव द्या. केबल काढा, घाला. दुसऱ्या पोर्टात घाला. मग टीव्हीला लावून बघा. हेड एकदा चकतीला टेकलं की पुढचं काम तेच करतं.

२. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोज विचारेल. पाहुण्याला नाही म्हणू नये. मात्र ‘क्विक’च्या चौकटीतली खूण आठवणीने काढा, कारण क्विक फॉरमॅटमध्ये यादी नवी होते, खालच्या फायली बऱ्याचशा तशाच राहतात. पूर्ण फॉरमॅट, व्हिस्टापासून, डिस्कभर शून्यं लिहून काढतं. कामात चोख.

३. चेकडिस्क चालवून झोपायला जा. त्याला फायलींची रचना नीटनेटकी करायची असते, तुमच्या फायली वाचवायच्या नसतात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली ते मरणाऱ्या डिस्कवरच लिहितं.

४. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवा, सापडलेल्या फायलीही तिथेच साठवा. नव्याने जुन्याची जागा घ्यावी, हा निसर्गनियम.

५. फ्रीजर. हा उपाय कुणीतरी सांगणारच, बहुधा भावजी. डिस्क पिशवीत गुंडाळून आम्रखंडाच्या डब्याशेजारी रात्रभर ठेवा आणि सकाळी तशीच गार असताना सुरू करा. कोकणात असाल आणि जून लागला असेल तर उत्तमच. हवेतल्या बाष्पाला थंड चकतीवर जमायला वेळ लागत नाही.

६. आता उघडा. बारीक छिद्राशेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं दिसेल. आपण तर अख्खं झाकणच काढतोय, तेव्हा तक्रारीला जागा नाही. व्यावसायिक लोक यासाठी गाळलेल्या हवेची स्वच्छ खोली बांधतात. तुम्ही पंखा तीनवर ठेवा. फारच हौस असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन त्याच मॉडेलचं सर्किट बोर्ड शोधून आणा नि बदला. आपापल्या हेडची जुळवणी बहुतेक डिस्क आपल्याच बोर्डावरच्या चिपमध्ये जपून ठेवते, ती चिप अर्थातच हलवू नका.

७. सगळ्यात मोठा धोका हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याचा. ‘मामा, आधी डिस्क बंद करा. आवाज येत असेल तर काहीच न करता लॅबला द्या. येत नसेल तर डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढू. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, खराब जागा शेवटी बघतं, कुठवर आलो याची नोंद ठेवतं. पुढची खटपट त्या प्रतीवर.’ असं बोलणाऱ्या मुलाला चहा द्या आणि लग्नाचं काय ठरवलंस ते विचारा. तो आपणहून निघेल.

८. वॉरंटी असेल तर डिस्क बदलून मिळते. डेटा त्यात धरलेला नसतो, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचून मन खट्टू करू नका.

९. नवी घ्याल ती १ टीबीची असेल आणि विंडोज ९३१ जीबीच दाखवेल. बाकीचे जीबी कुठे गेले यावरून दुकानदाराशी कडकडून भांडा. मग घरी येऊन फोनमधले सगळे फोटो तिच्यावर हलवा, आणि जागा व्हावी म्हणून फोनमधून पुसून टाका.