पीडीएफभाऊ

पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत, जिथे एका गल्लीत दोन अभ्यासिका, एक मेस आणि एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे एक पीडीएफभाऊ असतोच. त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेल, पण ते कोणी विचारत नाही. वय विचारलं तर तो “पीएचडीचं चौथं वर्ष” असं सांगतो. गाव परभणी, लातूर, सांगोला यांपैकी कुठलंही. पाठीवरच्या सॅकमध्ये एक लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी अशी की चार्जर काढला की प्राण सोडते. म्हणून अभ्यासिकेत भाऊची जागा कायम प्लगपॉइंटजवळची. त्या जागेवरून अभ्यासिकेत भांडणं होतात, पण भाऊला उठवायची कोणाची छाती होत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना त्याच्याकडेच जायचं असतं.

रात्री पावणेअकराला कोणीतरी येतं आणि खुर्ची ओढून बसतं.

“भाऊ, ते एक पुस्तक होतं बघ.”

“कुठलं?”

“अर्थशास्त्राचं रे. निळं कव्हर.”

“लेखक?”

“दोघं होते वाटतं. सर म्हणाले, तिसरं चॅप्टर बघूनच जा.”

“कितवी आवृत्ती?”

इथे समोरचा गप्प होतो. लग्न जमवताना गोत्र विचारावं इतक्या गांभीर्यानं भाऊ आवृत्ती विचारतो. उत्तर येणार नाही हे त्याला माहीत असतं, तरी विचारतो. मग एक सुस्कारा टाकून कीबोर्डकडे वळतो, नाव अवतरणचिन्हांत घालतो, पुढे ‘फाइलटाइप’चा मंत्र म्हणतो आणि सहाव्या मिनिटाला तिसरं चॅप्टर मागणाऱ्याच्या फोनवर पोचलेलं असतं. वर सूचना असते : “पान ७४ वरचा आलेख बघू नको. स्कॅनमध्ये कागद वाकडा आलाय, महागाई उतरल्यासारखी दिसते.”

भाऊला कोणी फुकट्या म्हटलं तर तो दुखावतो, आणि त्याचं बरोबर आहे. फुकट्या वेगळा. तो टेलिग्रामवरून चालू वर्षाचं पुस्तक उचलतो. प्रत्येक पानावर तिरक्या लाल अक्षरांत ‘चॅनेल जॉइन करा’ असं छापलेलं असतं, पानं मोबाइलनं काढलेली असतात आणि अधूनमधून फोटो काढणाऱ्याचा चहाचा ग्लासही मजकुरात आलेला असतो. भाऊ असल्या मालाला हात लावत नाही. तो कायद्याचा माणूस आहे. एरवी त्याला घरभाडे करारातलं एक कलम समजत नाही, पण कॉपीराइट कायदा १९५७ त्याला तोंडपाठ आहे. लेखक गेल्यावर, पुढच्या एक जानेवारीपासून मोजून साठ वर्षं. ती संपली की पुस्तक सगळ्यांचं.

या एका नियमामुळे मराठी साहित्याचा इतिहास त्याच्या डोक्यात निराळ्याच क्रमानं लागला आहे. बाकीचे लोक लेखकांना त्यांच्या पुस्तकांवरून ओळखतात, भाऊ त्यांना मृत्युवर्षावरून ओळखतो. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११ ला मोकळे झाले. चिं. वि. जोशी १९६३ ला गेले, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १ जानेवारी २०२४ पासून आपले. त्या रात्री अख्खी अभ्यासिका फर्ग्युसन रस्त्यावर नवं वर्ष साजरं करायला गेली होती. भाऊ एकटा प्लगपॉइंटजवळ बसून बाराचे ठोके मोजत होता, आणि बारा वाजून एक मिनिटानं त्यानं ग्रुपवर टाकलं : “चिं. वि. सुटले!” कोण कुठल्या केसमध्ये आत होतं, हे विचारणारे सात मेसेज सकाळपर्यंत आले होते. सावरकर २०२७ ला. अत्र्यांसाठी २०३० उजाडावं लागेल, आणि त्याबद्दल भाऊच्या मनात अत्र्यांविषयी किंचित नाराजी आहे. पु. लं.चा विषय निघाला की तो खिन्न होतो.

“दोन हजार एकसष्ट,” तो म्हणतो. “तोवर मी रिटायर झालेलो असेन. म्हणजे, आधी नोकरी लागली तर.”

हे गणित चारचौघांत करू नये एवढं भान त्याला नाही. एका ज्येष्ठ लेखकाच्या शोकसभेत वक्ते गहिवरून बोलत होते आणि आमचे भाऊ तिसऱ्या रांगेत बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. शेजारच्या बाईंना वाटलं जप चाललाय; त्यांनीही डोळे मिटले. ग्रंथप्रदर्शनात हयात लेखक भेटला तर भाऊ वाकून नमस्कार करतो आणि “सर, तब्येत कशी आहे?” असं फार मनापासून विचारतो. लेखक सुखावतो. प्रकाशकानंसुद्धा त्याला कधी इतक्या आपुलकीनं विचारलेलं नसतं.

देवघर म्हणावं तर भाऊच्या लॅपटॉपची स्क्रीन. तिथे कोपऱ्यात गणपती आहे आणि त्याच्या शेजारी एका दाढीवाल्या अमेरिकन माणसाचा फोटो आहे. तो मायकेल हार्ट. या गृहस्थानं ४ जुलै १९७१ ला इलिनॉय विद्यापीठातल्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतःच्या हातानं टाइप केला आणि इतरांना वाचायला ठेवला. तेव्हा नेटवर्कला जोडलेले संगणक हातावर मोजण्याइतके. त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभं राहिलं, आज तिथे सत्तर हजारांवर पुस्तकं आहेत आणि एकालाही पैसा पडत नाही. भाऊ ही कथा सांगतो तेव्हा त्याचा आवाज कीर्तनकाराचा होतो. “सगळं हातानं टाइप केलं, बरं का,” हे वाक्य तो दोनदा म्हणतो. आपण स्वतः प्रबंधाचं पहिलं प्रकरण अजून टाइप केलेलं नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात नसतं.

पण भाऊचा खरा जीव रमतो तो जुन्या मराठी स्कॅनमध्ये. सरकारनं कधीकाळी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा प्रकल्प काढला होता. देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं त्यात स्कॅन झाली. पुढे ती साइट बंद पडली, पण पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हच्या आश्रयाला जाऊन बसली. तिथे मराठी पुस्तक शोधणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. नोंद करणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही, त्यामुळे नावं रोमन लिपीत आणि त्या दिवशी त्याच्या कानाला जशी वाटली तशी. ‘ज्ञानेश्वरी’ कशी लिहिली असेल याचे भाऊकडे अकरा पर्याय आहेत आणि तो ते क्रमानं घालून बघतो. कितीतरी पुस्तकांच्या नोंदीत लेखकाच्या जागी ‘नॉट अव्हेलेबल’ असं छापलंय. भाऊच्या मते हा मराठीतला सर्वांत मोठा लेखक : कादंबरी, कोश, वैद्यक, पाकशास्त्र, त्यानं काही म्हणून सोडलेलं नाही.

पुस्तक सापडलं की भाऊ आधी मजकूर बघत नाही. आधी शिक्का बघतो. कुठल्या नगर वाचनालयाचा, दाखल क्रमांक काय, मागच्या पानावर परतीच्या तारखा किती. मग पानं मोजतो. मध्येच एखादं पान उलटं, एखादं दोनदा, एखाद्यावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. हा अंगठा भाऊ आता ओळखतो. “हा तोच माणूस,” तो मला एकदा हळूच म्हणाला, “ह्याच्या हातून विसाव्या पानानंतर एक पान सुटतंच. जेवायची सुट्टी होत असणार.” आणि पुस्तकाच्या कडेला कोणा जुन्या वाचकानं पेन्सिलीनं ‘साफ चूक’ असं लिहिलेलं असलं, तर भाऊ लेखकाला सोडून त्या वाचकाच्या बाजूनं होतो.

शोधगंगेवर तर त्याची निम्मी हयात गेली. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं तिथे ठेवलेत. एकेक प्रबंध तुकड्यातुकड्यांत उतरवावा लागतो : शीर्षकाची फाइल वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, ऋणनिर्देशाची वेगळी. भाऊ ऋणनिर्देशापासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. कुठल्या विद्यापीठात कोण कोणाचा गाइड, कोणाच्या पत्नीनं अमर्याद सहनशीलता दाखवली, कोणाच्या चिरंजीवांनी बाबांना खेळायला बोलावणं सोडून दिलं, हे सगळं त्याला ठाऊक. निष्कर्ष काय निघाला, ते विचारू नये.

त्याचं काम लोकांना वाटतं तितकं स्वस्त मात्र नाही. सहाशे पानांचं मोफत पुस्तक मिळालं की ते छापून, स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं. स्क्रीनवर वाचून डोकं दुखतं. त्या खर्चात अप्पा बळवंत चौकात तेच पुस्तक सेकंडहँड मिळून वर वडापाव झाला असता. एनसीईआरटीची पुस्तकं सरकारनं साइटवर मोफत ठेवली आहेत, तीच इथे बाइंडिंग होऊन ‘खास नोट्स’ म्हणून विकली जातात, आणि घेणाऱ्याला जास्त भरवशाची वाटतात. झेरॉक्सवाले काका भाऊला उधार देतात, कारण तो त्यांना रामेश्वरीची कथा ऐकवतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं रामेश्वरी फोटोकॉपीचं दुकान. त्याच्यावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस अशा तीन बलाढ्य प्रकाशकांनी खटला भरला, आणि १६ सप्टेंबर २०१६ ला उच्च न्यायालयानं तो फेटाळला : नेमलेले उतारे शिकवण्यासाठी छापून देणं कलम ५२ मध्ये बसतं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. “काका, त्या निकालाची फ्रेम लावा दुकानात,” भाऊ म्हणतो. काका कागद सरळ करत विचारतात, “एका बाजूनं का दोन्ही बाजूंनी?”

आपल्या राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, मराठी विश्वकोश, बालभारतीची पुस्तकं हे सगळं उघड्यावर मोफत पडलंय. भाऊ ते सगळ्यांना सांगतो, स्वतः मात्र तिथे फार जात नाही. एका बटणावर उतरणाऱ्या पुस्तकात त्याला राम वाटत नाही. म्हणून २०२५ च्या जानेवारीत ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं तेव्हा त्याला सुतकच लागलं. तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, सरकारी विद्यापीठ-कॉलेजांतल्या सगळ्यांना खुली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी. माझ्या दृष्टीनं ही सरकारनं अलीकडे केलेली शहाणी गोष्ट. भाऊच्या दृष्टीनं पोटावर पाय. तोपर्यंत तो पैसे मागणाऱ्या निबंधाच्या लेखकालाच थेट ईमेल करायचा. लेखकाला त्या विक्रीतून दमडी मिळत नसते आणि आपलं लिहिलेलं कोणीतरी मागतंय याचाच आनंद असतो, त्यामुळे तासाभरात निबंध यायचा, सोबत न मागितलेले आणखी तीन यायचे आणि पुण्यात पाऊस कसा आहे याची चौकशीही असायची. आता लॉगिन करा आणि घ्या. “ह्यात माणूस कुठे राहिला?” असं तो विचारतो.

गाइड मात्र वैतागलेत. दर भेटीत भाऊ संदर्भांची यादी वाढवून नेतो. आधी ती बारा पानांची होती, आता तिला वेगळी अनुक्रमणिका आहे. सर म्हणतात, “अहो, संदर्भ पुरे झाले. आता एखादं वाक्य लिहा. क्रियापद असलेलं.” भाऊ मान डोलावतो आणि जाता जाता सरांच्या टेबलावरच्या पुस्तकांची नावं वाचून घेतो.

गेल्या महिन्यात सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आता नोंदणी रद्द, अशी भाऊची खात्री झाली. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “माझं एक पुस्तक होतं. तीस वर्षं झाली. प्रकाशकानं दुकान बंद केलं, माझी प्रत कोणीतरी नेली ती नेलीच. तुम्हाला कुठे मिळतं का बघा जरा.”

भाऊनं आधी सरांकडून हक्कधारक म्हणून परवानगीचा रीतसर ईमेल मागून घेतला. कामात चोख माणूस. त्या रात्री त्यानं सरांचं आडनाव नऊ तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि अखेर ‘नॉट अव्हेलेबल’ यांच्या नावावर ते पुस्तक सापडलं. सकाळी फाइल पाठवली. दुपारी सरांचा फोन आला. आवाज भरून आलेला होता, पण तक्रार होती : पान २१ आणि २२ नाही, आणि नेमका मूळ मुद्दा तिथेच मांडलेला होता.

“जेवायची सुट्टी, सर,” भाऊ म्हणाला. “दोनच पानं आहेत. तेवढी तुम्ही लिहून काढा.”