पाण्यालाही वजन असतं

अमेरिकेला निघालेल्या मराठी माणसाइतकं वजनाचं भान जगात दुसऱ्या कुणाला नसावं. 23 किलोची मर्यादा असली की बॅग 22.9 ला बंद होते. आदल्या रात्री ताणकाटा दाराच्या कडीला लटकतो, चकलीचा डबा या बॅगेतून त्या बॅगेत जातो आणि मेतकूट कोटाच्या खिशातून प्रवास करतं. हाच माणूस फिनिक्सला स्थायिक होऊन टॉय हॉलर विकत घेतो, तेव्हा ते भान कोणत्या विमानतळावर राहून जातं, देव जाणे.

टॉय हॉलर म्हणजे पुढे घर आणि मागे गॅरेज असलेला ट्रेलर. त्याची मागची भिंत खाली पडते, तिचाच उतार होतो आणि त्यावरून वाळूत उडवायची चारचाकी आत चढते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अशा ट्रेलरांची रीघ कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांकडे लागते. आमच्या भाच्यालाही तिकडे जायचं होतं. मी आणि माझी बायको, म्हणजे त्याची मामी, तेव्हा त्याच्याकडेच मुक्कामाला असल्यामुळे आम्हीही सामानात धरले गेलो.

“मामा, खाली 5200 पौंडांचे दोन ॲक्सल आहेत. 10,400 पौंड! जवळजवळ पावणेपाच टन!” भाचा ट्रेलरच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. भाचा मूळचा सांगलीकडचा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या बघत वाढलेल्या माणसाला कुठलीही गाडी काहीही ओढेल असं वाटणारच.

मामी काही बोलली नाही. ती दाराजवळचं पिवळं स्टिकर वाचत होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा न सोडणारी बाई ती. “यात लिहिलंय की सामान 3400 पौंडांच्या वर जाता कामा नये,” ती म्हणाली. “बाकीचे तुझे पावणेपाच टन कुठे गेले?”

ते ट्रेलर स्वतःच खाऊन बसला होता. रिकाम्या ट्रेलरचंच वजन 7600 पौंड आणि सगळं मिळून मर्यादा 11,000. ही मर्यादा दोन ॲक्सलांच्या बेरजेपेक्षा जास्त कशी, असं मी विचारलं. ट्रेलरच्या नाकाचा भार पिकअपच्या अंगावर पडतो, तो ॲक्सलवर येत नाही, असं उत्तर मिळालं. शिवाय ॲक्सलचा आकडा हा नुसत्या लोखंडी दांड्याचा नसतो. स्प्रिंग, चाक, टायर यांत जो सगळ्यात अशक्त असेल, त्याच्या ताकदीवर तो ठरतो. आमच्या एकत्र कुटुंबातही सहलीचे बेत सगळ्यात आजारी काकाच्या तब्येतीवर ठरत.

मग मामीने वाणसामानाच्या बिलामागे हिशोब मांडला. स्टिकरवरच छापलं होतं की पाण्याची टाकी भरली तर ते पाणीही सामानातच मोजायचं. टाकी 100 गॅलनची, म्हणजे 830 पौंड गेले. वाळूतल्या गाडीसाठी 30 गॅलन पेट्रोल, त्याचे 180. ती गाडी 1900. उरले 490 पौंड, म्हणजे सुमारे 220 किलो. त्यात जादा बॅटऱ्या, हत्यारांची पेटी, हेल्मेटं, खुर्च्या, शेकोटीची लाकडं, बिअर, पांघरुणं आणि स्वयंपाकघर बसवायचं होतं. लोखंडी तवा आणि प्रेशर कुकर यांवर चर्चा होणार नाही, हे मामीने आधीच जाहीर केलं होतं.

“पण पाणी वापरलं की वजन कमी होईल ना?” भाच्याची बायको आशेने म्हणाली. होत नाही. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत साठतं आणि टेकड्यांवर ते ओतून द्यायची सोय नाही. पाणी फक्त घर बदलतं. परतताना तेवढंच वजन असतं, वर वासही असतो.

खरी गंमत पुढे होती. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार नाकावर हवा असतो. तो कमी पडला तर हायवेवर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि शेवटी पिकअपलाही डोलवते. टॉय हॉलरमध्ये जड गाडी चढते नेमकी मागच्या टोकाला, म्हणजे नाक वर उचललं जाणार. म्हणून बनवणारे रिकाम्या ट्रेलरचं नाक मुद्दाम जड ठेवतात. मागे गाडी चढवल्यावरही आमच्या 11,000 पौंडांच्या धुडाचा नाकावरचा भार 1300 पौंडांच्या आसपास निघत होता.

आता पिकअपचं दार उघडलं. चौकटीवर आणखी एक पिवळं स्टिकर होतं: माणसं आणि सामान मिळून 1650 पौंड. नाकाचा भारही यातच मोजायचा. उरले 350. आम्ही चौघं मिळून 650. म्हणजे दोघांनी फिनिक्सला राहायचं आणि उरलेल्या दोघांनी फोटो पाठवायचे. जाहिरातीत पिकअप 11,000 पौंडांहून जास्त ओढतो असं छापलं होतं आणि ते खोटं नव्हतं. ओढायची ताकद वेगळी आणि अंगावर घ्यायची ताकद वेगळी, एवढाच तपशील मोठ्या अक्षरात नव्हता.

ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर गेलो. पिकअपची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरचे ॲक्सल असे तीन आकडे छापून आले. ट्रेलरचे ॲक्सल 9700, म्हणजे आत. भाचा खूश झाला. मामीने मधल्या आकड्यावर बोट ठेवलं. पिकअपचा मागचा ॲक्सल हद्दीबाहेर होता आणि पिकअपही मागे बसून, दिवे आभाळाकडे करून उभा होता.

त्या वर्षी आम्ही मोटेलात राहिलो. भाच्याने मोठा पिकअप नंतर घेतला, आणि या वेळी मामीला दुकानात घेऊन गेला. तुमच्या घरात कुणी टॉय हॉलर घेत असेल, तर ॲक्सल किती पौंडांचे हे कौतुकाने ऐकून घ्या आणि मग पाणी, पेट्रोल, गाडी आणि माणसं वजा जाता किती उरलं ते विचारा. पहिल्या सहलीआधी सगळं भरून एकदा काट्यावर न्याच. आणि तिथे मामालोकांनी पाय मोकळे करायच्या निमित्ताने खाली उतरू नये. पावतीवर माणसांचं वजन वेगळं छापत नाहीत.