फोरट्रानवाले साहेब

नाशिकला दिंडोरी रोडवर धरणांची संकल्पचित्रं काढणारं सरकारी कार्यालय आहे, तिथेच मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, आणि ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना. जन्मभर आकडेमोड करून निवृत्त झालेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. त्यातलाच एक वाण म्हणजे फोरट्रानवाले साहेब. खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. पेनं सवयीची, पेन्सिल स्क्रीनवर टेकवून रकाने मोजायला. फोरट्रान ही संगणकभाषा १९५७ची, साहेब तिच्याहून थोडे धाकटेच, पण बोलतात असं की तिला त्यांनीच नोकरीला लावलं.

एम.ई.ची पोरं त्यांच्याकडे येतात ती रडकुंडीला आल्यावरच. गाईडने पुराच्या पाण्याचा हिशेब काढणारा, स्वतःच्या विद्यार्थीदशेतला प्रोग्रॅम हातात ठेवलेला असतो. साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय बदललंस?"

"काहीच नाही, सर."

"लॅपटॉप नवा ना? मग सगळंच बदललंस."

मग पेन्सिल निघते. पहिले पाच रकाने लेबलचे, सहावा मागची ओळ पुढे चालू ठेवायला, मजकूर सात ते बहात्तर. त्र्याहत्तरपासून पुढचं कंपायलर वाचत नाही आणि वाचलं नाही म्हणून कळवतही नाही. एका पोराचे १५०० असे रकान्यावर कापले जाऊन १५ उरले होते. "पंच कार्डाच्या वेळचा नियम आहे," साहेब म्हणतात, "समासात लिहिलेलं धरत नाहीत." जणू हा ठराव त्यांच्याच सहीने निघाला होता.

कंपायलर सुटला की लिंकर. 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल'च्या ओळी खाली धो धो पडू लागतात. पोराचा चेहरा उतरतो आणि साहेबांचा खुलतो. काकू स्वयंपाकघरातून ओळखतात: आवाज चढला तर कंपायलर, मऊ झाला तर लिंकर. मऊ झाला की त्या चहाचं आधण वाढवतात, कारण आता माणूस जेवायच्या आधी उठत नाही.

"पंचवटीत उपाध्यायांकडे गेलायस कधी? त्यांच्या चोपडीत तुझा खापरपणजोबासुद्धा सापडतो. पण गाव आणि आडनाव चोपडीत लिहिलंय तस्सं सांगावं लागतं. लिंकर तेच करतो. जीफोरट्रान कंपायलर नाव लिहितो लहान अक्षरांत, मागे एक अंडरस्कोअर लावून. इंटेलवाला विंडोजवर सगळं कॅपिटल. एकाची लायब्ररी दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीस, तर नाव सापडेल कुठून?"

बाकीची कलमं भराभर होतात. जुनी लायब्ररी बत्तीस बिटांची आणि प्रोजेक्ट चौसष्टचा. लायब्ररींच्या यादीत लॅपॅक आधी लिहायचं, ब्लास नंतर. मागणारा पुढे, देणारा मागे. हे सगळं एका जुन्या सरकारी डायरीत मेन्यूगणिक उतरवलेलं आहे, आणि ती डायरी ते उसनी देत नाहीत. पण खरा चोर बहुधा वेगळाच निघतो: पोराने लायब्ररीचा पत्ता भरलेला असतो डीबगच्या खात्यात आणि बिल्ड चाललेला असतो रिलीजचा. दोन्ही खिडक्या दिसायला सारख्या. साहेब वरच्या कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा शब्दावर पेन्सिल ठेवतात आणि काही बोलत नाहीत. हे न बोलणं अपमानापेक्षा महागात पडतं.

"सर, त्यापेक्षा पायथनमध्येच लिहू का?" असं एखादा धीट पोरगा म्हणतो.

"लिही. समीकरणं सोडवायला शेवटी लॅपॅकच्याच दारात येशील."

रात्री कधीतरी 'शून्य एरर' झळकतं. पोरगा घाईने प्रोग्रॅम चालवतो, आकड्यांवर नजर टाकतो आणि चाचरत म्हणतो, "सर, विसर्ग मायनस येतोय. पाणी उलटं धरणात चढतंय."

साहेब पेन्सिल खिशात ठेवतात.

"लिंक झालं ना? मग माझी सही झाली. पाण्याचं गाईडला विचार."