लाईट, फोकस आणि मेंटल

भर दुपारी, डोळे उघडवत नाहीत अशा उन्हात उभा राहून मोहोळ तालुक्यातला माणूस म्हणतो, ‘लाईट नाही.’ लाईटीचा उजेडाशी असलेला संबंध आमच्याकडं कधीच तुटला. मोटार चालते ती लाईट, गिरणी दळते ती लाईट. आणि अंधारात खरोखर उजेड पाडणाऱ्या टॉर्चला आम्ही बॅटरी म्हणतो.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय मला चहा जात नाही, आणि माझं सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो. परवा स्टँडसमोर एक कांदेवाला भेटला, सोलापूरच्या मार्केटात माल टाकून परत निघालेला. त्याला म्हणालो, ‘बल्ब म्हणजे मुळात कांदा, बरं का. ग्रीक लोक कंदाला बोल्बोस म्हणायचे.’ तो म्हणाला, ‘भाव काय होता वो सर तिथं?’

घरात तर अधिकच उपेक्षा. कर्फ्यू म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये ‘विस्तव झाका’; रात्रीची घंटा झाली की चुली झाकायच्या, आग लागू नये म्हणून. हे ऐकून कुणी मान वर केली नाही. फोकस म्हणजे लॅटिनमध्ये चूल. केप्लरनं 1604 साली तो शब्द किरण एकवटतात त्या बिंदूला लावला आणि आमच्या पोरांनी तो ट्रॅक्टरच्या कपाळाला लावला. यावर बायको म्हणाली, ‘मग तेवढं फोकसवरचं दूध बघा.’

पण माझा खरा जीव अडकलाय तो मेंटलमध्ये. आताच्या पोरांना मेंटल ही शिवी वाटते. आमच्या वेळी मेंटल किराणा दुकानात मिळायचं. मूळ शब्द मॅन्टल, पण तो शुद्ध उच्चारला तर दुकानदार ‘संपलं’ म्हणायचा. जाळीची इवलीशी पिशवी. ती गॅसबत्तीच्या नळीला बांधून काडी लावायची. कापड जळून जायचं, राखेचा सांगाडा तेवढा उरायचा. मग टाकीत पंपानं हवा भरायची. रॉकेलची वाफ वर येऊन पेटली की ती राख पांढराफेक उजेड द्यायची, आणि चुकून बोट लागलं की खेळ खलास. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं 1885 साली या जाळीचं पेटंट घेतलं. पुढं थोरियमच्या ऑक्साईडात चिमूटभर सेरियमचं मिसळून त्यानं उजेड साधला, आणि त्या थोरियमपायी आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू युरोपात जाऊ लागली. लायटरमधला ठिणगी पाडणारा खडाही त्याचाच. उमरावपद मिळालं तेव्हा त्यानं ब्रीद घेतलं, ‘अधिक प्रकाश’. पेट्रोमॅक्स बत्ती मात्र बर्लिनच्या माक्स ग्रेट्झची. पेट्रोलियममधला पेट्रो घेतला आणि मागं स्वतःचं नाव जोडून दिलं. हा माणूस मला पहिल्यापासून जवळचा वाटतो.

माझ्या वरातीला अशाच बत्त्या होत्या. मी घोड्यावर. उजेड चेहऱ्यावर नीट पडतोय ना, या एकाच काळजीत. फोटोत मी फार उजळ आलोय, इतका की सासरकडच्यांनी ‘नवरदेव हाच का?’ असं विचारलं होतं. बत्त्या डोक्यावर घेऊन चाललेल्या बाया मात्र एकाही फोटोत ओळखू येत नाहीत. उजेडाच्या सगळ्यात जवळ त्याच होत्या. मान ताठ ठेवायची, धग सोसायची, नाचणाऱ्यांचे धक्के चुकवायचे आणि मेंटल पडू द्यायचं नाही. त्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसायची.

आता लग्नात एलईडीच्या भिंती असतात, आणि जनरेटरच्या गाडीमागून कुणी चालत नाही. पण उसाला पाणी द्यायची लाईट अजून रात्रीची येते. पाळी ठरलेली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्यानं ही पाळी लावली त्यानं जानेवारीत रात्री दोन वाजता दारं धरलेली नसावीत, एवढं मी खात्रीनं सांगतो. गुडघाभर चिखल, सरीत कधी साप, एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात बॅटरी. तेवढ्यात फ्यूज जातो. डीपी जळाली तर पीक वाळायच्या आत ती दुरुस्त होईल याची हमी कोण देणार? अशा माणसाला मी शब्दाचं मूळ सांगायला जात नाही. तेवढी अक्कल मला आहे.

उन्हाचा आमच्याकडं तुटवडा नाही. त्याच उन्हाची लाईट करून शेताला दिवसा द्यायची, अशी सौर कृषी वाहिनी योजना राज्यात 2017 पासून आहे. जिथं ती पोचली तिथली माणसं रात्री घरात झोपतात. आमच्या फीडरवर अजून पाळी आहे. तेव्हा ज्यांची पाळी या आठवड्यात रात्रीची असेल त्यांनी बॅटरी चार्ज करून न्यावी, पायात गमबूट घालावेत आणि ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडू नये.